घरगुती मोटारीचा जमाखर्च



इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह यांकडे आपलें मन सहज धांवतें. आज मी ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें, त्याचें मुख्य साधन म्हणजे लाल कापडी बांधणीची एक खर्चाची वही होय. आमचे वडील नाशिकच्या एका पतपेढींत हिशेबनीस होते. त्यांना आम्ही मुलें अण्णा म्हणत असूं. मे १९७३ मध्यें त्यांनीं एक जुनी मोटार विकत घेतली आणि त्याच संध्याकाळीं ही वही सुरू केली. पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरांत खरेदीची रक्कम आहे : रुपये ८,५००. त्यांचा मासिक पगार त्या वेळीं ४१० रुपये होता. म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षांची सबंध मिळकत त्यांनीं बारा वर्षांच्या जुन्या लोखंडांत घातली. आणि त्यांतील बराच भाग कर्जाचा होता.

हा छंद नव्हता. माझी वडील बहीण, आमची ताई, हिला लहानपणीं पोलिओ झालेला. त्या पिढीच्या बालपणीं पोलिओची लस घरोघर पोंचलेली नव्हती. दर दोनतीन महिन्यांनीं तिला मुंबईच्या इस्पितळांत दाखवावें लागे. कॅलिपर लावलेल्या मुलीला रेल्वेच्या गर्दींतून चढविणें-उतरविणें किती अवघड, हें ज्यानें केलें असेल त्यालाच कळेल. एकदां दादर स्टेशनावर ती पडली, आणि परतल्यावर अण्णांनीं मोटारीचा विचार सुरू केला.

त्या मोटारीचें नांव मी सांगत नाहीं. सांगून उपयोगहि नाहीं. कारण तिच्या जागीं दुसरी असती तरी वहींतील पानें फारशीं वेगळीं झालीं असतीं असें मला वाटत नाहीं. तें कां, हाच आजचा विषय.

यंत्रवाहनाचा जमाखर्च नाशिकला नवा नव्हता. १८८९ सालीं येथें ट्रामगाडी सुरू झाली. जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिकरोड स्टेशनापर्यंत ती जाई. आरंभीं चार घोडे दोन डबे ओढीत. पुढें घोडे जाऊन पेट्रोलचें इंजिन आलें. परंतु प्लेग व दुष्काळ यांनीं उत्पन्न खालावलें, आणि १९३०-नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांतच ट्राम कायमची बंद झाली. घोड्याला दाणा लागतो, पण घोडा एकाएकीं निकामी होत नाहीं. इंजिन मात्र चालतें तोंवर चालतें, आणि थांबलें कीं त्याच्या मालकाला सगळें काम टाकून त्याच्यापाशीं उभें राहावें लागतें. एका कंपनीस जें झेपलें नाहीं तें पुढें एकेका कुटुंबानें आपल्या शिरावर घेतलें.

युद्धापूर्वीच्या मोटारी परदेशांतून येत, किंवा त्यांचे सुटे भाग आणून येथें जोडले जात. जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडीला १९२८ सालीं असा जोडणीचा कारखाना काढला होता. या गाड्या संस्थानिक, वकील, डॉक्टर आणि व्यापारी यांच्या. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलचें नियंत्रण आलें, तेव्हां कित्येकांनीं गाडीच्या पाठीशीं कोळशाच्या वायूची भट्टी बसवून काम चालविलें. मध्यमवर्गाचा या सर्वांशीं संबंध रस्त्याच्या कडेला उभें राहून पाहण्यापुरताच होता.

वालचंद हिराचंद हें नांव आमच्या जिल्ह्याला परकें नाहीं. मालेगांव तालुक्यांतील रावळगांवचा साखर कारखाना त्यांनींच १९३३ सालीं उभारला. याच वालचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिचा कुर्ल्याचा कारखाना प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या आणि मागाहून इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्यानें मोटारी करूं लागला. त्यापूर्वीं दोन वर्षें बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स निघाली होती. ॲम्बॅसॅडर ही तिची गाडी. मद्रासेस स्टँडर्ड कंपनी होती. १९५३ सालीं जकात आयोगानें अशी शिफारस केली कीं, ज्यांना येथें गाडी खरोखर घडवावयाची असेल त्यांनींच राहावें. नुसती जोडणी करणारांस येथें स्थान नाहीं. त्यावर परदेशी कंपन्या एकदोन वर्षांत निघून गेल्या. सर्वसाधारण गृहस्थाला घेण्याजोग्या गाड्या उरल्या तीनच घरच्या, आणि पुढचीं तीस वर्षें हीच स्थिति राहिली.

या धोरणाला नांवें ठेवणें आज सोपें आहे. मी तें करणार नाहीं. परकीय चलनाची टंचाई खरी होती. ट्रक, बस आणि ट्रॅक्टर यांना आधीं पोलाद मिळावें हेंहि न्याय्य होतें. बेअरिंगपासून रबरी नळीपर्यंत प्रत्येक वस्तु येथल्या लहानमोठ्या कारखान्यांनीं पहिल्यानेंच करावयास घेतली. त्यांचा हात बसेपर्यंत चुका होणारच. माझा आक्षेप वेगळा आहे. त्या चुकांचा खर्च कोणीं सोसावयाचा, हें कधीं कोणीं ठरविलेंच नाहीं; आणि जें ठरविलें जात नाहीं त्याचा भार शेवटीं सर्वांत दुबळ्या खांद्यावर येतो.

नवी गाडी हवी असेल तर नांव नोंदवून वर्षानुवर्षें थांबावें लागे. १९५९ सालच्या सरकारी हुकुमानें मोटारींची वांटणी आणि विक्री नियंत्रित केली होती. मागणी मोठी आणि पुरवठा तुटपुंजा. म्हणून वापरलेली गाडी कित्येकदां नव्या गाडीहून अधिक किंमतीस जाई. वापरलेली वस्तु नव्या वस्तूपेक्षां महाग! मी वर्गांत मुलांना नफातोट्याचीं उदाहरणें घालीत असें, पण असलें उदाहरण मीं घातलें असतें तर मुलांनीं छपाईची चूक समजून सोडून दिलें असतें. रांगेंत उभें असलेलें गिऱ्हाईक उणें काढीत नाहीं. त्याला हातची जागा जाईल याचें भय असतें. तक्रारी तरीहि इतक्या वाढल्या कीं, १९६७ सालीं मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठीं सरकारला पांडे समिति नेमावी लागली. दोन वर्षांनीं किंमतींवर वैधानिक नियंत्रण आलें, तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि १९७१ सालीं त्याचा निकाल लागला. किंमत किती असावी यावर मोठमोठे विधिज्ञ झगडले. गाडी रस्त्यांत बंद पडली तर काय, हा प्रश्न कोणाच्याच पक्षाचा नव्हता.

याच महाराष्ट्रांत इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी १९४०-नंतरच्या दशकापासून आपल्या बुद्धीनें एक छोटी मोटार घडवीत होते. ‘मीरा’ हें तिचें नांव. पुन्हां पुन्हां सुधारून तिचे अनेक नमुने त्यांनीं केले, ते रस्त्यावर चालवूनहि दाखविले. पण ती विक्रीस कधींच आली नाहीं. ती आली असती तर बिघडली नसती असें मी म्हणत नाहीं. निदान निवड करावयास एक चौथें नांव असतें.

आतां पुन्हां वहीकडे वळतों.

नाशिकहून मुंबईस जाणाऱ्या गाडीची परीक्षा कसाऱ्याच्या घाटांत होई. येथें रेल्वेचा चढ ३७ फुटांस एक फूट असा आहे. १८६५ पासून त्या मार्गानें गाड्या जातात आणि वर चढतांना मागून जादा इंजिनें लावावीं लागतात. रस्त्याच्या मोटारीला मागून ढकलणारें कोणी नसतें. (आम्ही भावंडें होतों, परंतु तें निराळें.) उतरतांना ब्रेक आणि चढतांना रेडिएटर, असा नियम ठरलेला होता. चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्यें रांगते. इंजिनाचे श्रम अधिक, समोरून लागणारा वारा कमी. त्यांत आमच्याकडील विहिरींचें पाणी जड. त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसून त्या अर्ध्या बुजलेल्या असत. मग पाणी उकळूं लागे. उन्हाळ्यांत घाटाच्या वळणावळणावर बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग दिसे, आणि त्यांचे मालक अंगोछ्यानें रेडिएटरचें झांकण हळूहळू फिरवीत असत. जो घाई करी त्याचा हात भाजे.

उन्हाळ्यांत दुसरा एक विकार असे. इंजिनाच्या अंगाला लागून असलेल्या पंपांत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटे. त्यावर उपाय म्हणजे पंपावर ओला फडका बांधणें. पावसाळ्यांत ठिणगी वांटणारें झांकण ओलें होऊन गाडी मुकी होई. तें काढून कोरड्या कापडानें पुसावें लागे. पेट्रोलच्या टाकीला भोंक पडलें तर धुण्याचा साबण दाबून बसवावा. यांतील एकहि गोष्ट कोणत्या पुस्तकांत छापलेली नव्हती. एका मालकानें दुसऱ्याला घाटांत उभ्या उभ्या सांगावयाची. आमच्या गाडीच्या डिकींत पत्र्याची एक पेटी असे. तींत पट्टा, कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, दोन प्लग, काचकागद, तार, साबण, आणि चाकामागें लावावयाचे दोन लांकडी ठोकळे. बाजूला पाण्याचा डबा. ताईला मागच्या आसनावर पाय लांब करून बसावें लागे, त्यामुळें तिचें लक्ष आवाजाकडे असे. पुढें पुढें ती डोळे मिटून सांगूं लागली, “अण्णा, एक प्लग मारत नाहीं.” आणि तसेंच निघे. मिस्त्री तिला थट्टेनें ‘हेड मिस्त्री’ म्हणत असे.

या साऱ्याची मौज वाटे, हें कबूल केलें पाहिजे. वहींत मात्र मौजेचें खातें नाहीं. मे ते डिसेंबर १९७३ दुरुस्ती ६४० रुपये. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अरब-इस्रायल युद्ध झालें, अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, आणि कांहीं महिन्यांतच जगांत कच्च्या तेलाचा भाव चौपटीवर गेला. पेट्रोलच्या खात्यांतले आंकडे त्यानंतर एकदम रुंद झालेले दिसतात. पण पेट्रोल ही सांगून येणारी विपत्ति होती. दुरुस्ती न सांगतां येई.

जून १९७४ मध्यें इंजिन उघडावें लागलें. सिलिंडर बोअर करणें, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवीं बेअरिंगें, मजुरी, मिळून २,१५० रुपये. सुट्या भागांसाठीं अण्णा स्वतः मुंबईस ऑपेरा हाउसजवळच्या बाजारांत गेले. कारण तेथें खरा भाग आणि त्याची नक्कल हीं दोन्ही एकाच दुकानांत, एकाच डब्यांत मिळत, आणि पारख आपली आपण करावी लागे. या नोंदीसमोर जमेच्या बाजूस एक ओळ आहे : ‘पाटल्या, तारण, १,८००.’ आईच्या पाटल्यांचा वहींतील हा एकमेव उल्लेख.

त्याच वर्षीं ऑगस्टांत ताईच्या पायावर शस्त्रक्रिया ठरली होती. सकाळीं आठाला इस्पितळांत हजर व्हावयाचें होतें, म्हणून रात्रीं दोनला आम्ही निघालों. पाऊस होता. घाट नीट उतरला. पुढें शहापूरच्या अलीकडे इंजिनांतून ठोके ऐकूं येऊं लागले. ताई कांहीं बोलली नाहीं. तिनें फक्त माझा हात धरला. अण्णांनीं गाडी कडेला घेतली. दोन महिन्यांपूर्वीं घातलेलें नवें बेअरिंग गेलें होतें. पेटींतील कोणतीहि वस्तु त्याच्या उपयोगाची नव्हती. उजाडल्यावर एका ट्रकवाल्यानें दोर बांधून गाडी शहापुरास ओढीत नेली. तेथून एस.टी.च्या गाडींत अण्णांनीं ताईला पाठुंगळीं घेऊन चढविलें. आम्ही इस्पितळांत पोंचलों तेव्हां दुपार झाली होती, आणि तिची खाट दुसऱ्या रुग्णास दिली गेली होती. त्यांत इस्पितळाची चूक नव्हती. बाहेर ओटीवर माणसें थांबलीं होतीं.

पुढची तारीख जानेवारी १९७५ ची मिळाली. शस्त्रक्रिया झाली. मधल्या पांच महिन्यांत पायाचा आंखडलेपणा वाढला आहे, असें डॉक्टर तपासतांना सहज म्हणाले. तो मोटारीमुळें वाढला असें त्यांनीं म्हटलें नव्हतें, आणि म्हणण्याचें त्यांना कारणहि नव्हतें. अण्णांनीं मात्र तें वाक्य घरीं आणलें, आणि पुढें जन्मभर जवळ बाळगलें.

बेअरिंग ज्या दुकानांतून आणलें होतें त्या दुकानदाराला अण्णांनीं पत्र लिहिलें. त्याची कार्बनप्रत वहींत आहे. आलेलें उत्तरहि आहे : माल तपासून दिला जातो, बसविण्यांत दोष असावा. मिस्त्री म्हणाला, बसविण्यांत दोष नाहीं, मालांत आहे. दोघेहि खरें बोलत असतील. दाद मागावी तर दिवाणी कोर्टांत. तेथें बेअरिंगच्या किंमतीच्या कितीतरी पट स्टॅम्प आणि वकील. ग्राहक म्हणून माणसाला कांहीं स्थान असावें, ही कल्पना त्याच सुमारास आपल्याकडे मूळ धरीत होती. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यास ग्राहक पंचायतीचें काम सुरू केलें. ग्राहक संरक्षण कायदा व्हावयास मात्र १९८६ साल उजाडलें. जिल्ह्याच्या ठिकाणीं, वकिलावांचून, साध्या अर्जावर दाद मागण्याची सोय त्यानंतरची. अण्णांच्या कार्बनप्रतीला बारा वर्षें उशीर झाला.

१९७४ सालची एकूण दुरुस्ती २,८७० रुपये, १९७५ ची १,१९०. अडीच वर्षांची बेरीज ४,७०० होते. खरेदीच्या निम्म्याहून अधिक. अण्णांनीं ती बेरीज पेन्सिलीनें केली आहे, शाईनें केलेली नाहीं.

येथें एका आक्षेपाला उत्तर दिलें पाहिजे. याच पिढीच्या मोटारी मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या धांवल्या. प्रीमियर पद्मिनीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी २०२३ सालच्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. मग त्या गाड्या बेभरंवशाच्या कशा? आराखडा वाईट नव्हताच. इटलीच्या अभियंत्यांनीं काढलेलें सुमारें ११०० घनसेंटीमीटरचें तें इंजिन साधें आणि काटक होतें. पण टॅक्सी रोज चाले, रोज मिस्त्रीच्या नजरेखालून जाई, आणि आपल्या औषधपाण्याचा खर्च आपण मिळवी. घरची मोटार आठवडाभर उभी राही, एक दिवस घाट चढे, आणि बिघडली कीं घरच्या भाकरींतून खाई. तेंच यंत्र, पण एकाच्या हातीं तो धंदा, आणि दुसऱ्याच्या घरीं तो पाहुणा. डिसेंबर १९८३ मध्यें मारुतीची छोटी गाडी बाहेर पडली आणि प्रवासाला निघतांना पत्र्याची पेटी बरोबर घेण्याची रीत हळूहळू मोडली. त्या वेळेपर्यंत आमच्या घरीं मोटार उरली नव्हती.

आमच्यापुरता हा प्रश्न मोटारींनीं सोडविलाच नाहीं; तो रेल्वेनें सोडविला. १ नोव्हेंबर १९७५ रोजीं पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली. सकाळीं नाशिकरोडला बसावें, कामें आटोपून रात्रीं परत यावें. अण्णा आधीं एकटे जाऊन डबे, पायऱ्यांची उंची आणि फलाटावरील गर्दी पाहून आले. मग ताई गेली. तिची जागा खिडकीची असे. पासवाले लोक तिला ओळखूं लागले आणि तिच्यासाठीं दाराशीं वाट करूं लागले. घाट लागला कीं गाडीच्या मागें लावलेल्या इंजिनाचा आवाज ती ऐके. तें येतांना, चढावर.

मोटार अंगणांतल्या कडुनिंबाखालीं उभी राहिली. पहिलें वर्ष अण्णा दर रविवारीं ती सुरू करून दहा मिनिटें चालूं ठेवीत. दुसऱ्या वर्षीं तें थांबलें. एका पावसाळ्यानंतर तळाचा पत्रा गंजून पायांखालची जमीन दिसूं लागली. मार्च १९७८ मध्यें एका मिस्त्रीनें ती सुट्या भागांसाठीं नेली. त्याच्याबरोबर पत्र्याची पेटीहि गेली. लांकडी ठोकळे मात्र आईनें काढून ठेवले, ते पुढें कित्येक वर्षें पाटाखालीं टेकू म्हणून वापरांत होते. वहींतील शेवटच्या पानावर त्या तारखेच्या दोन नोंदी आहेत. जमेच्या बाजूस : ‘गाडी विकली, २,४००.’ नांवेच्या बाजूस : ‘ताईचे नवे बूट, कॅलिपरसह, १४५.’